पोटातली धडधड: महाधमनीचा फुगवटा

धुळ्याहून एका वाचक बहिणीचा निरोप आला. अब्बांचे वय ६८. सारी उमर लूमवर गेली, बिडीची जुनी सवय. मुतखड्याच्या संशयावरून सोनोग्राफी केली. खडा निघाला नाही, पण रिपोर्टमध्ये लिहून आले की पोटातली महाधमनी फुगून ४.२ सेंटिमीटर झाली आहे. डॉक्टर म्हणाले, आत्ता ऑपरेशन नको, सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करा. घरात दोन तट पडले. भाईजान म्हणतात, डॉक्टर टाळतोय, उद्याच मुंबईला न्या. चाचा म्हणतात, दुखत नाही, खुपत नाही, मग कशाला पाठीमागे लागता? बहिणीचा सवाल आहे, कोणाचे ऐकावे?

मी शाळेत शिकवते, डॉक्टर नाही. पण समजून घेऊन सोपे करून सांगणे हेच आमचे काम. म्हणून या महिन्याचे पान याच विषयाला.

उर्दूत आपण ‘शहरग’ म्हणतो तेव्हा मानेतली मोठी रग डोळ्यांसमोर येते. पण मानेकडे रक्त नेणाऱ्या धमन्या ज्या मोठ्या नळीतून फुटतात ती महाधमनी. हृदयातून निघून ती छातीत कमानीसारखी वळते, पाठीच्या कण्याला लागून खाली पोटात येते आणि बेंबीच्या आसपास दोन पायांसाठी दुभंगते. जळगावकडच्या वाचकांनी केळीच्या बागेतले ठिबक आठवावे. मोटारीपासून निघते ती मेन लाइन, तिच्यातून बारीक नळ्या फुटतात. महाधमनी म्हणजे शरीराची मेन लाइन.

पोटात तिची रुंदी साधारण २ सेंटिमीटर असते. वय, तंबाखू आणि वाढलेले ब्लडप्रेशर यांनी तिची भिंत कमजोर होते आणि आतल्या दाबाने तेवढाच भाग बाहेर येतो. सायकलच्या जुन्या ट्यूबला गोळा येतो ना, तसेच. रुंदी ३ सेंटिमीटर किंवा जास्त झाली की डॉक्टर त्याला ‘अ‍ॅन्युरिझम’ म्हणतात. ही गाठ नाही, कॅन्सर नाही. पण गोळा जितका मोठा तितका भिंतीवर ताण जास्त, आणि ताण जास्त तितकी फुटण्याची भीती जास्त. फुटला तर अनेकांना दवाखाना गाठण्याइतकाही वेळ मिळत नाही.

आता चाचांचे म्हणणे घेऊ. दुखत नाही हे खरे, पण त्यावरून धोका नाही असे होत नाही. हा फुगवटा वर्षानुवर्षे मुका राहतो. कधी सडपातळ माणसाला पोटात बेंबीजवळ नाडीसारखी धडधड हाताला लागते, तेवढेच. बहुतेक वेळा तो दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत दिसतो. तो दिसला हे नशीब समजा. तो रिपोर्ट कपाटात टाकून देणे म्हणजे आलेला इशारा परत पाठवणे.

भाईजानचे म्हणणेही तपासू. लहान फुगवटा लगेच ऑपरेशन करून काढला तर माणूस जास्त जगतो का? हा प्रश्न ब्रिटनमध्ये १०९० आणि अमेरिकेत ११३६ रुग्णांवर तपासला गेला. ४ ते ५.५ सेंटिमीटरच्या फुगवट्यात काहींचे लगेच ऑपरेशन केले, काहींना फक्त नियमित तपासणीखाली ठेवले. १९९८ आणि २००२ साली निकाल आले. लगेच ऑपरेशन केल्याने आयुष्य वाढले नाही. कारण ऑपरेशनलाही स्वतःचा धोका असतो. म्हणून पुरुषांत साधारण ५.५ सेंटिमीटर आणि स्त्रियांत ५ सेंटिमीटर झाल्यावर, किंवा फुगवटा भराभर वाढू लागला, दुखू लागला तर ऑपरेशनचा विचार करतात. म्हणजे धुळ्याचे डॉक्टर टाळत नव्हते. थांबणे हाही इलाजच आहे, अट एवढीच की तारीख चुकवायची नाही.

ऑपरेशनची वेळ आलीच तर दोन वाटा आहेत. पहिली, पोट उघडून फुगलेल्या जागी कापडी नळी शिवणे. १९५१ साली पॅरिसमध्ये शार्ल द्युबोस्त यांनी फुगलेला भाग काढून मृत माणसाची धमनी तिथे जोडली. पुढे अमेरिकेत मायकेल डिबेकी यांनी डेक्रॉनच्या नळ्या तयार केल्या. डेक्रॉन म्हणजे पॉलिएस्टर. पहिल्या नळ्या त्यांनी घरच्या शिलाई मशीनवर शिवल्या होत्या. आपल्या लूमच्या गावातल्या लोकांना हे ऐकून बरे वाटेल. याच डिबेकींची स्वतःची महाधमनी २००५ च्या अखेरीस आतून चिरली, ९७ व्या वर्षी त्यांचे ऑपरेशन झाले आणि त्यानंतर ते दोन वर्षांहून जास्त जगले.

दुसरी वाट जांघेतून. तारेची जाळी लावलेली कापडी नळी जांघेतल्या धमनीतून वर सरकवून फुगवट्याच्या आत उघडतात. १९९० साली ब्युनोस आयर्समध्ये हुआन पारोदी यांनी हे प्रथम केले. पोट फाडावे लागत नाही, माणूस लवकर घरी येतो. पण नळीच्या कडेने रक्त झिरपते का हे पाहण्यासाठी जन्मभर तपासण्या कराव्या लागतात, आणि प्रत्येकाच्या धमनीचा आकार तिला मानवत नाही. कोणती वाट घ्यायची हे सीटी स्कॅन पाहून रक्तवाहिन्यांचे सर्जन ठरवतात.

हा फक्त म्हाताऱ्या पुरुषांचा आजार आहे असेही समजू नका. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन, डॉ. किणारे, डॉ. परुळकर यांनी साठ-सत्तरच्या दशकात महाधमनीच्या सुजेचा मोठा अभ्यास केला. तो आजार मुख्यतः तरुण मुलींत आणि बायांत दिसतो. त्यात धमनी बहुधा अरुंद होते, कधी फुगतेही. तरुण मुलीचे ब्लडप्रेशर वाढलेले असेल, एका हाताची नाडी लागत नसेल, तर अशक्तपणा म्हणून सोडून देऊ नये.

तर बहिणीने अब्बांसाठी काय करावे?

बिडी आजच बंद. फुगवटा होण्यामागे आणि वाढण्यामागे तंबाखूच्या धुराइतके मोठे दुसरे कारण क्वचितच आहे. “इतकी वर्षे ओढली, आता काय फरक पडणार” असे अब्बा म्हणतील. फरक पडतो, सोडल्यावर वाढ मंदावते.

ब्लडप्रेशरची गोळी चुकवू नये. रमजानमध्ये सेहरी-इफ्तारच्या वेळा डॉक्टरांना विचारून आधीच ठरवून घ्याव्यात. मशिदीपर्यंत चालत जाणे, हलके काम चालेल. धान्याचे पोते उचलणे नको.

मेडिकलवाल्याकडून परस्पर अँटिबायोटिक घेऊ नये. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या जातीच्या गोळ्या महाधमनीचा फुगवटा असलेल्यांना, दुसरा इलाज असेल तर, देऊ नयेत, असा इशारा अमेरिकेच्या औषध खात्याने डिसेंबर २०१८ मध्ये दिला. प्रत्येक डॉक्टरला रिपोर्ट आधी दाखवावा.

भाईजाननेही आपल्या पोटाची सोनोग्राफी केव्हा करावी हे डॉक्टरांना विचारावे. वडिलांना फुगवटा असेल तर मुलांना धोका जास्त असतो. ६५ पार केलेल्या, कधीकाळी बिडी-सिगारेट ओढलेल्या पुरुषांनी एकदा तरी ही तपासणी करून घ्यावी. सुई नाही, दुखणे नाही. धुळ्यात भाऊसाहेब हिरे आणि जळगावातही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे चौकशी करावी. मोठ्या ऑपरेशनचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो का, हे योजनेच्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारावे. रेशनकार्ड आणि आधार सोबत न्यावे.

आणि शेवटची गोष्ट घरातल्या सगळ्यांनी पाठ करावी. फुगवटा असलेल्या माणसाच्या पोटात, पाठीत किंवा कमरेत अचानक जोराची कळ आली, घाम सुटला, चक्कर आली, तर गॅस झाला म्हणून ओवा-सोडा देत बसू नये. १०८ ला फोन करावा आणि पोहोचताच सांगावे, “यांच्या महाधमनीला फुगवटा आहे.” हे एक वाक्य डॉक्टरांचा मोलाचा वेळ वाचवते. रिपोर्टची झेरॉक्स अब्बांच्या खिशात असू द्या, आणि पुढच्या सोनोग्राफीची तारीख आजच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून टाका.