त्या कात्रणवह्या कुणाच्या?

बीडीडी चाळीतली १६० चौरस फुटांची खोली सोडून ५०० चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये जाताना आमची माणसे काय काय मागे टाकत आहेत, याचा हिशेब कुणी ठेवतो आहे का?

एका ज्येष्ठ कबड्डीपटूच्या घरी सध्या यावरूनच वाद पेटला आहे. काकांनी उमेदीच्या काळात सहा वह्या भरल्या. खळीने चिकटवलेली वर्तमानपत्रांची कात्रणे, स्पर्धांची पत्रके, संघाचे फोटो, आणि समासात स्वतःच्या अक्षरात नोंदी. मुलगा म्हणतो, कसर लागली आहे, रद्दीत द्या. जुन्या मंडळाचे पदाधिकारी म्हणतात, आमच्या कपाटात ठेवतो. काका गप्प आहेत.

माझे म्हणणे स्पष्ट आहे. रद्दीत तर नाहीच, पण मंडळाच्या कपाटातही अशाच देऊ नका.

"खेळाडूला जात नसते" हे वाक्य आम्हाला नेहमी ऐकवले जाते. मग पळवणकर बंधूंचे काय? चांभार समाजात जन्मलेल्या बाळू पळवणकरांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कप्तानपद त्यांना कधी मिळाले नाही. १९२० मध्ये पुन्हा डावलल्यावर विठ्ठल आणि शिवराम या भावांनी संघातून माघार घेतली. १९२३ मध्ये विठ्ठल कप्तान झाले, ते या लढ्यानंतर. हे आज आपण ठामपणे सांगू शकतो, त्याचे एक मोठे कारण म्हणजे विठ्ठल यांनी मराठीत आत्मचरित्र लिहून ठेवले. धावफलकात बळी मोजले जातात, अपमान मोजला जात नाही. तो खेळाडूलाच लिहून ठेवावा लागतो.

काकांच्या समासातल्या नोंदी म्हणजे तेच लेखन आहे. अंतिम सामन्यात कुणाला का बसवले, जेवणाची पंगत कुठे वेगळी मांडली, हे कोणत्याही बातमीत नाही. मंडळाला हवे आहेत ते फोटो आणि ढाली. वही कपाटात गेली की फोटो भिंतीवर लागेल, समास मात्र कुलपात राहील.

आता आपल्याच लोकांना दोन शब्द. एका वहीत काका विरोधी पक्षाच्या पुढाऱ्याकडून हार घेताना दिसतात. आमच्यातल्याच काही कार्यकर्त्यांनी सुचवले, तेवढे पान काढून टाका. का? बाळू पळवणकर १९३७ च्या निवडणुकीत खुद्द बाबासाहेबांविरुद्ध काँग्रेसतर्फे उभे होते. म्हणून त्यांची गोलंदाजी आपण पुसून टाकायची? आणि गोलंदाजीच्या अभिमानापायी ती निवडणूक लपवायची? पाने फाडणे हे ज्यांचे काम होते, त्यांनाच ते शोभते. आपल्याला नाही.

बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी राजगृह बांधले. त्याच बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांच्या अप्रकाशित कागदांची हेळसांड झाली. जे वाचले, ते शोधून, जुळवून महाराष्ट्र शासनाला १९७९ पासून खंडांच्या रूपाने छापावे लागले. एवढ्या मोठ्या माणसाच्या कागदांची ही गत, तर चाळीतल्या कबड्डीपटूच्या वह्यांना कोण विचारणार?

म्हणून काका आहेत तोवर त्यांच्याशेजारी बसा. प्रत्येक पानाला क्रमांक द्या, प्रत्येक पानाचा फोटो काढा, फोटोतल्या प्रत्येक माणसाचे नाव विचारून लिहा. समासातली नोंद त्यांच्याच तोंडून वाचून घ्या आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. घरातल्या नातवंडांना हे काम सांगा, आजोबा कोण होते ते त्यांनाही कळेल. मग मूळ वह्या एखाद्या ग्रंथालयाला किंवा विद्यापीठाला द्या, पण लेखी अटींवर: एकही पान वेगळे करायचे नाही, नोंदी झाकायच्या नाहीत, मागेल त्याला पाहू द्यायच्या, आणि एक संपूर्ण प्रत आपल्या वस्तीतल्या वाचनालयात राहील. या अटी मान्य नसतील, तर वह्या घरातच राहू द्या. ५०० चौरस फुटांत सहा वह्यांना जागा नाही, हे मला कुणी सांगू नये.

शेवटचा शब्द मात्र काकांचा. वह्या त्यांनी भरल्या आहेत. या सगळ्या भांडणात त्यांना अजून कुणी विचारलेलेच नाही. आधी विचारा.

जय भीम!