शरणपूरने शिकवले, सोपवले किती?

गिरणाकाठ

मालेगावचा माणूस नाशिकला गेला की शरणपूर रोडला त्याची एक तरी फेरी होतेच. दवाखाना असतो, वकील असतो, पोराच्या क्लासची चौकशी असते. रिक्षावाल्याला नाव सांगायचे, उतरायचे, काम उरकायचे आणि संध्याकाळच्या एसटीने परत फिरायचे. पण हे 'शरण' कोणी कोणाला दिले, याची विचारपूस आपण कधी केली नाही. ती करायला हवी, कारण त्या उत्तरात आफ्रिकेचा किनारा आहे, गुलामांनी भरलेली गलबते आहेत आणि आज आपल्या प्रत्येक संस्थेला लागू पडणारा एक प्रश्न आहे.

1854 च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड विल्यम साल्टर प्राइस यांनी नाशिकच्या वेशीबाहेर ख्रिस्ती वस्ती वसवली आणि तिला नाव दिले शरणपूर. याच सोसायटीचे काम आपल्या मालेगावातही होते. त्या काळात पूर्व आफ्रिकेतून माणसे पकडून अरबस्तानाकडे आणि इराणी आखाताकडे विकायला नेली जात. ब्रिटिश नौदल अशी गलबते अडवी आणि सुटका झालेल्यांपैकी कित्येकांना मुंबईत उतरवी. त्यांत लहान मुले फार असत. आईबाप कुठे, गाव कुठले, काही ठाऊक नसलेली ही मुले शरणपूरच्या आफ्रिकन आश्रमात आली. तिथे त्यांना अक्षरओळख झाली, इंग्रजी आली, सुतारकाम आणि लोहारकाम हाताला लागले. बायबलही शिकवले गेले आणि बाप्तिस्माही झाला. या मुलांना पुढे सारे जग 'नासिक बॉइज' किंवा 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणून ओळखू लागले.

यात जे खुपते तेही सांगितले पाहिजे. या मुलांना कोणी विचारून ख्रिस्ती केले नव्हते. त्यांची मूळ नावेही गेली. सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग या नावांत आडनाव पाद्र्याचे आहे, बापाचे नाही. गुलामीतून सुटलेल्या मुलाने दुसऱ्याचे नाव घेऊन जगणे ही लहान गोष्ट नाही. धर्मप्रसाराबद्दल वाचकांची मते वेगवेगळी असणार आणि ती असावीत. पण त्या वादापलीकडे या मुलांनी मोठे होऊन काय केले, ते पाहण्यासारखे आहे.

आफ्रिकेचे शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन 1866 मध्ये अखेरच्या मोहिमेवर निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर शरणपूरची नऊ मुले होती. 1872 मध्ये आणखी काही जण जाऊन मिळाले. त्यांत जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन आणि कॅरस फरार होते. 1 मे 1873 रोजी आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन वारले. सोबतच्या माणसांनी त्यांचे काळीज तिथेच झाडाखाली पुरले. प्रार्थना म्हटली ती जेकबने आणि झाडाच्या खोडावर नाव कोरले तेही त्यानेच. मग तो देह वाळवून, गुंडाळून, दीड हजारांहून अधिक किलोमीटर चालत किनाऱ्यावर आणला गेला. 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले तेव्हा शवपेटीला हात लावून चालणाऱ्यांत जेकब होता. नाशिकच्या शाळेत लिहायला शिकलेल्या हाताने त्याने या प्रवासाची रोजनिशीही लिहून ठेवली.

लिव्हिंगस्टनच्या कथेत हा भाग कधीमधी येतो. पण शरणपूरचे खरे मोठे काम दुसरेच आहे, आणि ते आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही.

1864 मध्ये शरणपूरच्या विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर या दोघांना त्यांच्या बायकांसह आजच्या केनियातल्या मोंबासाजवळच्या राबाई ठाण्यावर पाठवण्यात आले. तिथे योहान्नेस रेबमान हे दृष्टी अधू झालेले जर्मन मिशनरी जवळजवळ एकटेच होते. त्याच पिढीतला जॉर्ज डेव्हिडही राबाईत उपदेशक म्हणून काम करू लागला. पुढे 1873 मध्ये झांझिबारचा गुलामबाजार बंद करणारा करार झाला. त्यासाठी झटलेले सर बार्टल फ्रियर म्हणजे मुंबईचे माजी गव्हर्नर. आपल्या ओळखीचे फ्लोरा फाउंटन मुळात त्यांच्याच सन्मानार्थ उभारायला घेतले होते. त्यांच्या शिफारशीवरून सोसायटीने मोंबासासमोरच्या किनाऱ्यावर मुक्त गुलामांची वसाहत उभी करायचे ठरवले. त्यासाठी निवडलेला माणूस शरणपूरचाच, प्राइस. 1875 मध्ये वसलेल्या या फ्रियर टाउनचा कणा नाशिक-मुंबईहून गेलेले दीडशेच्या आसपास आफ्रिकन होते. शिक्षक, सुतार, लोहार, दुभाषी, उपदेशक, सगळे तेच. गोऱ्या मिशनऱ्यांना तिथले हवामान सोसत नव्हते, भाषा येत नव्हती. ख्रिस्ती मंडळी सांभाळली ती या माणसांनी.

विल्यम जोन्सचे एकट्याचे आयुष्य पाहा. 1885 मध्ये बिशप हॅनिंग्टन यांनी त्याला आणि सेमलरला डीकनपदाची दीक्षा दिली. त्याच वर्षी हॅनिंग्टन युगांडाकडे निघाले तेव्हा जोन्स बरोबर होता. बिशप थोडी माणसे घेऊन पुढे गेले आणि मारले गेले. मागे थांबलेल्या तांड्याची जबाबदारी जोन्सवर पडली. त्याने आधी वाट पाहिली. मग दीडशेच्या आसपास माणसे मसाई मुलखातून परत आणली. 1886 च्या फेब्रुवारीत तो राबाईत शिरला तेव्हा तांड्याच्या पुढे निळे निशाण होते आणि त्यावर एकच हिब्रू शब्द, ज्याचा अर्थ 'वैभव निघून गेले'.

पुढे राबाईचा कारभार त्याच्या हाती असताना मळ्यांवरून पळालेले शेकडो गुलाम तिथे आसऱ्याला आले. मालकांनी ते परत मागितले. जो स्वतः लहानपणी विकला गेला होता, तो या माणसांना कसा हुसकावणार? त्याने त्यांना ठेवून घेतले. अखेर 1 जानेवारी 1889 रोजी मालकांना मोबदला देऊन चौदाशेच्या आसपास माणसांच्या हाती सुटकेचे कागद पडले. शरणपूर या शब्दाचा अर्थ राबाईत जगून दाखवला तो जोन्सने.

आता माझ्या मुद्द्यावर येतो. एवढे निभावूनही या माणसांच्या हाती अखेर काय आले? सोसायटीचे हेन्री व्हेन यांनी तर फार आधी सांगून ठेवले होते की स्थानिक मंडळी स्वावलंबी, स्वशासित आणि स्वप्रसारक झाली पाहिजे आणि मिशनऱ्याने तिथून पुढे निघून गेले पाहिजे. पश्चिम आफ्रिकेत याच धोरणाने 1864 मध्ये सॅम्युअल अजायी क्राउदर हा एकेकाळचा गुलाम मुलगा बिशप झाला. पण 1880-90 च्या दशकांत नव्या दमाचे तरुण युरोपियन मिशनरी आले आणि वारे फिरले. क्राउदरच्या माणसांवर ठपके ठेवून त्यांना दूर केले गेले आणि 1891 मध्ये क्राउदरच्या मृत्यूनंतर त्याच्या जागी युरोपियन बिशप आला. मोंबासाकडेही वेतन, मान आणि अधिकार यांवरून बॉम्बे आफ्रिकनांशी खटके उडत राहिले. ज्यांनी ठाणी तगवली, त्यांना दुय्यम ठेवले गेले. केनियाला पहिले आफ्रिकन अँग्लिकन बिशप मिळाले ते 1955 मध्ये, फेस्टो ओलांग आणि ओबादिया कारियुकी. जोन्स-सेमलरच्या दीक्षेनंतर तब्बल 70 वर्षांनी.

माणसे तयार नव्हती म्हणून हा उशीर झाला, असे कोणी म्हणू नये. माणसे 1864 पासून तयार होती. तयार नव्हते ते सोपवणारे हात.

आपल्याकडेही हेच घडले. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांना हीच गोष्ट सलत होती. मराठी मंडळीने मिशनच्या पगारावर आणि परक्या वळणावर किती दिवस चालायचे, म्हणून त्यांनी भजन-कीर्तनाची वाट धरली आणि 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' सुरू केला. राबाईचा जोन्स आणि साताऱ्याचे टिळक एकमेकांना ठाऊक असण्याचे कारण नाही. दुखणे मात्र एकच होते.

हे मी मालेगावात बसून का लिहितो? आपल्या गावात संस्था कमी नाहीत. शाळा चालवणाऱ्या आहेत, मदरसे आहेत, पतपेढ्या, सोसायट्या, मंडळे आहेत. बहुतेक ठिकाणी शिकवायची तळमळ खरी असते, हे मी जवळून पाहिले आहे. पण वीस-वीस वर्षे राबलेला माणूस तिथे 'मदतनीस'च राहतो. सहीचा अधिकार, कपाटाची किल्ली, सभेतली खुर्ची त्याच्याकडे सरकत नाही. आपल्या मागांच्या कारखान्यांत याहून बरी रीत आहे. पोरगा आधी कांड्या भरतो, तुटलेले सूत सांधायला शिकतो, मग एक दिवस उस्ताद बाजूला होतो आणि चालू माग त्याच्या हवाली करतो. सुरुवातीला कापडात खोट येते. ती सोसल्याशिवाय कारागीर तयार होत नाही, हे प्रत्येक उस्तादाला माहीत असते.

1903 मध्ये फ्रियर टाउनला पाळकांच्या प्रशिक्षणाची शाळा निघाली. पुढे ती लिमुरूला गेली आणि आज सेंट पॉल्स युनिव्हर्सिटी म्हणून नांदते आहे. तिच्या मुळाशी नाशिकची माती आहे, हे आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेने मुलांना सांगावे, ही माझी पहिली विनंती. जोन्स, सेमलर, डेव्हिड ही नावे नाशिकच्या इतिहासात हक्काने यावीत.

दुसरी विनंती संस्था चालवणाऱ्यांना. आपण किती जणांना शिकवले, हा आकडा अहवालात दरवर्षी छापला जातो. त्याच्या शेजारी आणखी एक आकडा छापा. यंदा किती कामे दुसऱ्याच्या हाती पूर्णपणे दिली आणि देऊन आपण मागे वळून पाहिले नाही? तो रकाना रिकामा राहिला, तर शिकवणे अजून पुरे झालेले नाही.

— गिरणाकाठकर