ऋण कोणाचे, चोरी कोणाची?

अल्प खर्चात निघालेल्या विज्ञान-भयपटांवर समीक्षक एक ठराविक आरोप करीत आले आहेत : हे चित्रपट गाजलेल्या कलाकृतींची नक्कल करतात. रिडली स्कॉट यांचा ‘एलियन’ १९७९ साली आला आणि पाठोपाठ रॉजर कॉर्मन यांच्या निर्मितिसंस्थेने ‘गॅलक्सी ऑफ टेरर’ (१९८१) व ‘फॉरबिडन वर्ल्ड’ (१९८२) काढले. दोहोंवर उसनवारीचा शिक्का बसला, आणि तो खोटा म्हणता येणार नाही. प्रश्न एवढाच की, हाच शिक्का खुद्द ‘एलियन’वर का मारला जात नाही?

‘इट! द टेरर फ्रॉम बियॉन्ड स्पेस’ या १९५८ च्या स्वस्त चित्रपटात मंगळावरून परतणाऱ्या यानात एक हिंस्र जीव शिरतो, एकेकाला टिपतो आणि अखेर यानातील हवा बाहेर सोडून त्याला संपवले जाते. मारिओ बावा यांच्या ‘प्लॅनेट ऑफ द व्हँपायर्स’मध्ये (१९६५) अनोळखी ग्रहावर उतरलेल्या अंतराळवीरांना मोडक्या यानात महाकाय सांगाडे आढळतात. ‘एलियन’चे पटकथाकार डॅन ओबॅनन यांनी त्याआधी जॉन कार्पेंटर यांच्या ‘डार्क स्टार’चे (१९७४) सहलेखन केले होते. विद्यार्थिदशेत सुरू झालेल्या त्या चित्रपटातील परग्रहवासी म्हणजे पंजे लावलेला, समुद्रकिनाऱ्यावर खेळायचा चेंडू! यानात मोकाट सुटलेल्या जीवाचा पाठलाग तेथे हसवण्यासाठी होता. ‘एलियन’मध्ये तो भिववण्यासाठी आला.

म्हणजे गरिबाने श्रीमंताकडून घेतले तर ती चोरी, आणि श्रीमंताने गरिबाकडून घेतले तर ते परंपरेशी नाते! असा न्याय सावकाराच्या पेढीवर शोभेल. सौंदर्यशास्त्रात त्याला थारा नसावा.

आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्योतात या प्रश्नाचा निकाल केव्हाच लावला आहे. काव्यांमधील साम्य त्याच्या मते तीन प्रकारचे : प्रतिबिंबासारखे, चित्रासारखे आणि दोन देहधारी व्यक्तींमधील सारखेपणासारखे. पहिली दोन त्याज्य, तिसरे ग्राह्य. कारण तेथे आत्मा स्वतंत्र असतो. या कसोटीत खर्चाचा रकाना नाही. तिच्यावर ‘एलियन’ निःसंशय उतरतो : एच. आर. गीगर यांनी कल्पिलेली जीवाकृती आणि कंपनीने ज्यांच्या प्राणांची किंमत शून्य ठरवली आहे अशा पगारी कामगारांचे चित्रण, यांमुळे जुन्या कथानकाला नवा प्राण लाभला. ‘फॉरबिडन वर्ल्ड’ बहुतांशी प्रतिबिंबच राहतो. ‘गॅलक्सी ऑफ टेरर’मध्ये स्त्रीदेहाची ओंगळ विटंबना आहे; तिचे समर्थन कोणीही करू नये. पण प्रत्येकाला त्याचेच भय मूर्त होऊन गाठते, ही त्यातील कल्पना ‘एलियन’ची नाही. शिवाय त्याच चित्रपटाची कलारचना सांभाळणाऱ्या जेम्स कॅमेरॉन यांनी १९८६ साली ‘एलियन्स’ दिग्दर्शित केला. ज्या कारखान्याला समीक्षेने नकलाकारांचा अड्डा म्हटले, त्यातच मूळ कृतीचा वारसदार घडत होता.

सगळेच स्वस्त चित्रपट चांगले, असा दावा कोणी करणार नाही. परंतु निवाडा देण्यापूर्वी कृती पाहावी लागते. ते कष्ट टाळून अंदाजपत्रकावरून अस्सलपणा ठरवणारा समीक्षक स्वतःच दुसऱ्यांच्या मतांची नक्कल करीत असतो, आणि तीही प्रतिबिंबासारखी.