प्रमाणपत्राच्या पुढे

सराव पाठ संपतो, निरीक्षक वहीवर शेरा मारून सही करतात आणि पाठ टाचणाची वही गुणांच्या हिशेबापुरती उरते. मुले नेमकी कुठे अडली, तोच पाठ पुन्हा घेतला तर काय बदलायचे, यावर छात्राध्यापकाने विचार करावा अशी सोय बहुतेक अध्यापक विद्यालयांत नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे केले, शालेय आंतरवासितेला २० आठवडे दिले. वेळ वाढला, तो वापरण्याची रीत मात्र जुनीच राहिली.

ही रीत बदलण्याचे साधन हाताशी आहे. २०१७मध्ये ‘दीक्षा’ हे शिक्षणासाठीचे ऑनलाइन व्यासपीठ सुरू झाले. करोनाकाळात, ऑक्टोबर २०२०मध्ये, ‘निष्ठा’ या शिक्षक-प्रशिक्षणाचे १८ घटकसंच त्यावर आले आणि वाड्यावस्त्यांवरच्या शिक्षकालाही घरबसल्या प्रशिक्षण घेता आले. हे यश मोलाचेच. पण व्हिडिओ पाहायचा, प्रश्नमंजूषा सोडवायची, प्रमाणपत्र उतरवून घ्यायचे, एवढ्याने माहिती मिळते. नवे काही सुचायला स्वतः करून पाहावे लागते.

त्याची वाट मुंबईच्याच एका संस्थेने दाखवली आहे. टाटा समाजविज्ञान संस्था, अमेरिकेतील एमआयटी आणि टाटा ट्रस्ट यांच्या ‘क्लिक्स’ उपक्रमात राजस्थान, छत्तीसगड, तेलंगण आणि मिझोरममधील सरकारी शाळांच्या शिक्षकांनी ऑनलाइन अभ्यासक्रम केला. शिवाय वर्गात आलेले अनुभव, अडचणी आणि उपाय मोबाइलवरच्या गटांत एकमेकांपुढे मांडले. युनेस्कोने या उपक्रमाला पुरस्कार दिला.

हेच डी.एल.एड. आणि बी.एड.च्या पहिल्या वर्षापासून का होऊ नये?

अपूर्णांकांचाच पाठ घ्या. कोल्हापूरची छात्राध्यापिका तो भाकरीच्या तुकड्यांनी शिकवेल, गडचिरोलीचा छात्राध्यापक मोहफुलांच्या वाटणीने. दोघांनी आपापल्या पाठाची चित्रफीत एकमेकांना दाखवली, तर ‘तुकडे सारखे नव्हते, म्हणून मुले गोंधळली’ हे सहाध्यायीच दाखवून देईल. मग पाठ सुधारायचा, पुन्हा घ्यायचा. सर्जनशील विचार अशा फेऱ्यांतूनच घडतो. त्याला महागडी साधनेही लागत नाहीत. अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबमधून विज्ञान शिकवणारी खेळणी घडवली आणि ती आपल्या संकेतस्थळावर सर्वांना मोफत खुली केली. छात्राध्यापकांनी ती नुसती पाहू नयेत. आपल्या गावात मिळणाऱ्या वस्तूंतून नवी घडवावीत.

यासाठी राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने आणि विद्यापीठांनी तीन गोष्टी कराव्यात. आंतरवासितेतील पाठ मांडण्यासाठी छात्राध्यापकांना मराठीतून ऑनलाइन जागा द्यावी; मुलांचे चेहरे आणि नावे तिथे उघड होणार नाहीत, याची खबरदारी घ्यावी. अंतर्गत गुणांचा ठळक हिस्सा पहिल्या पाठापेक्षा सुधारलेल्या पाठाला द्यावा. आणि प्राध्यापकांच्या कार्यभारात अभिप्राय लिहिण्याचे तास धरावेत. नाहीतर तिथेही केवळ शेरे आणि सह्याच दिसतील. पुढच्या शैक्षणिक वर्षी प्रत्येक जिल्ह्यात एका अध्यापक विद्यालयापासून याची सुरुवात करता येईल.