रोगी माणूस वैरी नव्हे

रोगाची लागण होऊन माणसेच माणसांवर तुटून पडतात, असे चित्रपट आमच्या उमरेडची पोरे मोबाईलवर आवडीने पाहतात. इंग्रजी '२८ वीक्स लेटर' (२००७) हा अशाच एका चित्रपटाचा दुसरा भाग. लंडनमध्ये साथ पुन्हा उसळते. बाधित कोण, निरोगी कोण हे ओळखू येईना, म्हणून लष्कराला सरसकट गोळ्या झाडण्याचा हुकूम सुटतो. मराठीत आदित्य सरपोतदार यांनी २०२२ साली 'झोंबिवली' काढला. त्यात डोंबिवलीतील उंच इमारती आणि शेजारची झोपडपट्टी समोरासमोर आहेत.

हे निव्वळ पडद्यावरचे नाही. २०२० च्या कोरोनात धुणीभांडी करणाऱ्या आपल्या भगिनींना कितीतरी इमारतींच्या फाटकाबाहेरच थांबवले गेले.

पण आपल्याजवळ दुसरे उदाहरणही आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला पाठीवर घेऊन डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात पोचवले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या.

बंधू-भगिनींनो, पोरांना सिनेमा जरूर पाहू द्या. मात्र नंतर जवळ बसवून विचारा : शेजारी आजारी पडला, तर दार लावून घ्याल की त्याला दवाखान्यात न्याल?