शाहिराचा मृत्यू आणि मागे उरलेले गाणे

विशेष प्रतिनिधी, अहिल्यानगर

घाटकोपर येथील माता रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी सकाळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्याला चपलांची माळ घातल्याचे उघडकीस आले. संतप्त रहिवासी रस्त्यावर उतरले आणि राज्य राखीव पोलिस दलाने केलेल्या गोळीबारात दहा जणांचा बळी गेला. त्यानंतर चौथ्या दिवशी, १५ जुलै रोजी, मुलुंडच्या एका झोपडीत शाहीर विलास घोगरे यांनी आपली जीवनयात्रा संपविली. गोळीबारातील मृतांची नोंद शासनदरबारी झाली, त्यावर चौकशी आयोग बसला, खटला चालला. शाहिराच्या मृत्यूची नोंद मात्र चळवळीच्या आठवणीतच राहिली.

लोकप्रिय संगीताच्या इतिहासात कलावंतांच्या आत्महत्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. हे लेखन बहुधा पाश्चात्त्य रॉक गायकांपासून सुरू होते आणि अलीकडे दक्षिण कोरियातील तरुण ताऱ्यांपर्यंत येऊन थांबते. महाराष्ट्रातील वस्त्यांत, जयंतीच्या मांडवात आणि मोर्चाच्या अग्रभागी डफावर थाप देणाऱ्या गायकाचा त्यात समावेश नसतो. वास्तविक लाखो लोकांच्या ओठांवर असलेले भीमगीत आणि शाहिरी हेच या मातीतील खऱ्या अर्थाने लोकप्रिय संगीत आहे. त्यामुळे घोगरे यांच्या मृत्यूचा विचार एका कार्यकर्त्याची शोकांतिका म्हणून करणे पुरेसे नाही. एक कलावंत स्वतःचे जीवन संपवतो तेव्हा त्याच्या गाण्याचे, श्रोत्यांचे आणि परंपरेचे काय होते, हा व्यापक प्रश्न त्यामागे आहे.

दोन झेंड्यांमधील माणूस

सत्यशोधक जलशांतून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आंबेडकरी जलसा आकाराला आला. भीमराव कर्डक यांच्यासारख्या जलसाकारांनी आणि पुढे वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांच्यासारख्या लोककवींनी तो गावोगाव पोहोचविला. ज्यांच्यापर्यंत वर्तमानपत्र पोहोचत नव्हते, त्यांच्यापर्यंत विचार गाण्यातून गेला. घोगरे हे याच परंपरेचे वारसदार होते. मुंबईतील डाव्या विचारांच्या ‘आव्हान नाट्य मंच’ या पथकात ते गात असत. शाहीर संभाजी भगत हे त्यांचे या पथकातील सहकारी. आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ (१९८५) या झोपडपट्टीवासीयांवरील माहितीपटात घोगरे यांचा आवाज आणि चेहरा प्रथम मोठ्या प्रेक्षकवर्गासमोर आला.

मृत्यूपूर्वी काही काळ संघटनेने त्यांना दूर केले होते. आयुष्यभर लाल झेंड्याखाली गाणाऱ्या या शाहिराने अखेरच्या क्षणी डोक्याला निळे कापड बांधले होते. या निळ्या कापडाचा अर्थ पुढे अनेकांनी अनेक प्रकारे लावला. कोणी त्यात डाव्या चळवळीच्या जातिप्रश्नावरील मौनाचा निषेध पाहिला, कोणी आंबेडकरी अस्मितेकडे परतणे पाहिले. दोन्ही अर्थांत तथ्य असेलही. तथापि, अर्थ लावण्याच्या या घाईत एक साधी गोष्ट मागे पडते. जो माणूस समूहासाठी गात होता, तो त्या चार दिवसांत समूहापासून तुटलेला होता. हातावर पोट असलेला, संघटनेबाहेर पडलेला आणि आपल्याच माणसांचे मृत्यू पाहून हादरलेला कलावंत त्या वेळी कोणाशी बोलत होता, हा प्रश्न हौतात्म्याच्या भाषेत विचारलाच जात नाही.

आत्महत्येमागे एकच एक कारण क्वचितच असते, हे मानसोपचारशास्त्र सातत्याने सांगत आले आहे. राजकीय आघात, दारिद्र्य, एकाकीपणा, आजार यांची गुंतागुंत असते. घोगरे यांच्या मृत्यूला ‘बलिदान’ म्हणून गौरविणे हे जसे अपुरे आहे, तसेच ‘खचलेला कलावंत’ म्हणून तो निकालात काढणेही अन्यायाचे आहे. पहिल्या मांडणीत माणूस हरवतो, दुसऱ्या मांडणीत गोळीबार हरवतो.

गाणे दोषी ठरते तेव्हा

गाणे आणि आत्महत्या यांचा संबंध जोडण्याची खोड जुनी आहे. हंगेरीतील रेझ्यो शेरेश या संगीतकाराने १९३३ मध्ये रचलेले ‘ग्लूमी संडे’ हे गीत ऐकून अनेकांनी जीव दिला, अशी आख्यायिका जगभर पसरली. ती कधीच सिद्ध झाली नाही. तरीही ‘बीबीसी’ने बिली हॉलिडे यांनी गायिलेल्या या गीतावर घातलेले निर्बंध २००२ पर्यंत उठले नाहीत. खुद्द शेरेश यांनी १९६८ मध्ये बुडापेस्टमध्ये आत्महत्या केली आणि आख्यायिकेला आणखी बळ मिळाले. युद्ध, छळ आणि दारिद्र्य सोसलेल्या त्या संगीतकाराच्या आयुष्याकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही.

आपल्याकडे हाच प्रश्न चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटाने न्यायालयात उभा केला. व्हेनिस महोत्सवात गौरविलेल्या आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळविलेल्या या चित्रपटातील वृद्ध लोकशाहिरावर आरोप असतो तो गाण्यातून एका सफाई कामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा. ती भूमिका वीरा साथीदार यांनी केली होती आणि चित्रपटाला संगीत होते घोगरे यांचे सहकारी संभाजी भगत यांचे. कामगार कोणत्याही साधनाविना विषारी वायूच्या गटारात उतरत होता, याची चौकशी करण्याऐवजी यंत्रणा गाण्यातील शब्दांची चौकशी करते. कथा काल्पनिक असली तरी त्यातील उपरोध महाराष्ट्रातील शाहिरांना अनोळखी नव्हता.

गाणे माणसाला मारत नाही, असे म्हणून हा विषय संपत नाही. कलावंताच्या मृत्यूची वार्ता कशी सांगितली जाते, याचा परिणाम होतो आणि तो मोजलाही गेला आहे. जपानमधील युकिको ओकादा या अठरा वर्षांच्या लोकप्रिय गायिकेने एप्रिल १९८६ मध्ये आत्महत्या केल्यावर प्रसारमाध्यमांनी त्या घटनेचे भडक, तपशीलवार चित्रण केले आणि पाठोपाठ तरुणांच्या आत्महत्यांची लाट आली. याउलट, एप्रिल १९९४ मध्ये ‘निर्वाणा’चा गायक कर्ट कोबेन याचा सिएटलमध्ये मृत्यू झाला तेव्हा तशीच भीती व्यक्त होत होती. पण संशोधकांना त्या परिसरात आत्महत्यांत लक्षणीय वाढ आढळली नाही, उलट मदतवाहिनीवरील दूरध्वनींची संख्या वाढल्याचे दिसले. गायकाच्या पत्नीने चाहत्यांसमोर व्यक्त केलेला दुःखमिश्रित संताप आणि मदतीच्या माहितीसह झालेले संयत वार्तांकन ही त्यामागची कारणे सांगितली जातात.

याहून बोलके उदाहरण २०१७ मधील आहे. लॉजिक या अमेरिकी रॅप गायकाने आत्महत्या प्रतिबंधक मदतवाहिनीचा क्रमांक हेच शीर्षक असलेले गीत प्रसिद्ध केले. मरणाच्या उंबरठ्यावरील तरुण मदत मागतो आणि वाचतो, असा त्याचा आशय. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार या गीताकडे लोकांचे सर्वाधिक लक्ष होते त्या ३४ दिवसांत मदतवाहिनीकडे अपेक्षेपेक्षा ९,९१५ दूरध्वनी अधिक आले आणि १० ते १९ वर्षे वयोगटातील आत्महत्या अपेक्षेपेक्षा २४५ ने कमी झाल्या. म्हणजेच मरणाची कथा अनुकरणाला बळ देऊ शकते आणि जगण्याची कथा जीव वाचवू शकते. सांगणारा कोणती कथा निवडतो, हा कळीचा मुद्दा आहे.

चौदा वर्षांचे स्मरण

घोगरे यांच्या बाबतीत ही निवड एका चित्रपटकाराने केली. मित्राच्या मृत्यूने अस्वस्थ झालेल्या पटवर्धन यांनी कॅमेरा हाती घेतला आणि चौदा वर्षांनंतर, २०११ मध्ये, ‘जय भीम कॉम्रेड’ हा तीन तासांहून अधिक लांबीचा माहितीपट पूर्ण झाला. त्याची सुरुवात शाहिराच्या मृत्यूपासून होते, परंतु तो तेथे रेंगाळत नाही. गोळीबारात माणसे गमावलेली कुटुंबे, न्यायालयातील तारखा, वस्त्यांतील राजकारण आणि या सर्वांतून अखंड वाहणारे गाणे यांचा तो दस्तऐवज आहे. पुण्यातील ‘कबीर कला मंच’च्या शीतल साठे यांच्यासारखे तरुण गायक त्यात दिसतात, तेव्हा एका शाहिराबरोबर गाणे संपले नाही, हे प्रेक्षकाला आपोआप कळते.

न्यायाची वाटचाल मात्र संथच राहिली. न्या. गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरविला. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या उपनिरीक्षकाला २००९ मध्ये, म्हणजे बारा वर्षांनी, सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली आणि त्यानंतर अपिलात त्याला जामीनही मिळाला. दुसरीकडे, नक्षलवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून शीतल साठे आणि सचिन माळी यांनी एप्रिल २०१३ मध्ये विधान भवनासमोर स्वतःला पोलिसांच्या स्वाधीन केले. साठे यांना त्याच वर्षी, तर माळी यांना २०१७ मध्ये जामीन मिळाला. या घटनाक्रमाकडे पाहताना लक्षात येते की, शाहिराच्या मृत्यूला आदरांजली वाहणारी व्यवस्था जिवंत शाहिराला सहजासहजी मोकळे गाऊ देत नाही.

नगर जिल्ह्याचा संदर्भ

हा विषय मुंबईच्या वस्तीपुरता मर्यादित नाही. अहिल्यानगर जिल्ह्याला गाण्याचा मोठा वारसा आहे. पेशवाईतील शाहीर अनंत फंदी संगमनेरचे. तमाशाचा रंगमंच गाजविणाऱ्या पवळाबाई याच तालुक्यातील हिवरगावच्या. ‘बलुतं’कार दया पवार अकोले तालुक्यातील धामणगावचे. तमाशासम्राज्ञी कांताबाई सातारकर यांनी संगमनेरलाच आपले घर केले आणि मे २०२१ मध्ये तेथेच अखेरचा श्वास घेतला.

त्याच जिल्ह्यात गाण्याची किंमत प्राणांनी मोजावी लागल्याचीही नोंद आहे. मे २०१५ मध्ये शिर्डी येथे नर्सिंगचे शिक्षण घेणाऱ्या एका दलित तरुणाची हत्या झाली. भ्रमणध्वनीवर वाजलेल्या बाबासाहेबांवरील गीतावरून वाद उद्भवल्याची फिर्याद पोलिसांत दाखल झाली. रमाबाई नगरात पुतळा, शिर्डीत रिंगटोन. आत्मसन्मानाचे प्रतीक डोळ्यांना वा कानांना सहन न होण्याची वृत्ती दोन्हीकडे एकच आहे. अशा वातावरणात गाणारा कलावंत केवळ मनोरंजन करत नसतो, तो समाजाच्या जखमा रोज स्वतःच्या गळ्यातून काढत असतो. त्याचा मनावर पडणारा ताण हा त्याचा खासगी प्रश्न मानून चालणार नाही.

त्यात पोटाचा प्रश्न वेगळा. जयंतीचे दोन महिने आणि यात्रांचा हंगाम सरला की गायक, ढोलकीवादक पुन्हा मजुरीकडे वळतात. करोनाच्या काळात २०२० आणि २०२१ असे सलग दोन हंगाम यात्रा बंद राहिल्या आणि तमाशाचे फड उघड्यावर आले. ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांसाठी राज्य शासनाची मानधन योजना आहे आणि २०२४ पासून तिची रक्कम सरसकट दरमहा पाच हजार रुपये करण्यात आली, ही स्वागतार्ह बाब होय. परंतु ही योजना पन्नाशी गाठलेल्यांसाठी आहे. तिशी-चाळिशीत कर्ज, व्यसन, बेकारी आणि मानहानी यांच्याशी झगडणारा कलावंत तिच्या कक्षेत येत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली आणि त्यांतील सर्वाधिक, म्हणजे २२,७४६, महाराष्ट्रातील होते. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी हे राज्य अनेक वर्षे होरपळत आहे. अशा राज्यात शाहिराच्या शब्दाला विशेष वजन आहे. गावातील सभेत वक्त्याचे भाषण विसरले जाते, पण शाहिराचा पोवाडा घरी नेला जातो. म्हणूनच शाहिराच्या मृत्यूचे उदात्तीकरण टाळणे ही माध्यमांची, आणि त्याच्या गाण्याला मंच देणे ही समाजाची जबाबदारी ठरते.

कायद्याची दृष्टीही बदलली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेऐवजी उपचार व पुनर्वसन देण्याचे तत्त्व स्वीकारले. जुलै २०२४ मध्ये लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला सरसकट गुन्हा ठरविणारे जुने कलम राहिलेले नाही. भारतीय प्रेस परिषदेने २०१९ मध्येच अशा बातम्यांत पद्धतीचे वर्णन व सनसनाटी टाळण्याचे निर्देश दिले आहेत.

विलास घोगरे यांच्या स्मृतीला अभिवादन करताना निळे कापड जरूर आठवावे, पण ते पथकाबाहेर पडले तेव्हा त्यांच्या दारावर थाप मारायला कोण गेले, हेही चळवळीने स्वतःला विचारावे. जिल्ह्यातील जयंती मंडळांनी, कलापथकांनी आणि फडमालकांनी आपल्या गायकांपैकी कोण गप्प झाला आहे, कोणी कार्यक्रमाला येणे सोडले आहे, याची विचारपूस केली तरी पुष्कळ होईल. शाहिराची पुण्यतिथी साजरी करणे सोपे असते. त्याला पुढच्या जयंतीला गाण्यासाठी जिवंत आणि उमेदीने उभे ठेवणे, हे खरे अवघड काम आहे.

(मनात टोकाचे विचार येत असल्यास किंवा जवळच्या कोणाबद्दल काळजी वाटत असल्यास ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर चोवीस तास संपर्क साधता येतो. मराठीतूनही बोलता येते.)