खाडे, हिराइसा आणि सोळा केबीचं पान

हॉस्टेलमध्ये सगळ्यात जास्त भांडणं कशावरून होतात? प्रेमावरून नाही, परीक्षेवरून नाही, खाड्यांवरून! जेवायला नसाल तर आदल्या दिवशी चिठ्ठी टाकायची, तेवढ्या दिवसांचे पैसे परत मिळतात. ८४ मुलींचे खाडे वहीत लिहून कंटाळलेल्या मेस कमिटीला मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "डेटाबेस करून देते." करून दिला. वहीला रामराम, चिठ्ठ्या एंट्री झाली की कचऱ्यात. आणि बॅकअप? तो "या रविवारी घेऊ" म्हणत राहिला. (हसू नका. तुमच्यातल्या निम्म्यांचा फायनल इयर प्रोजेक्ट आत्ता असाच एका डिस्कवर पडलेला आहे.)

जानेवारीत एका संध्याकाळी लाइट गेली, आली, परत गेली. त्यानंतर मायएसक्यूएल सुरूच होईना आणि हार्ड डिस्क टकटक वाजू लागली. मी काय केलं? चार वेळा रीस्टार्ट केलं. हीच खरी चूक. बिघडत चाललेल्या डिस्कला जितका हात लावाल तितकं जास्त गमवाल. आधी डीडीरेस्क्यूसारख्या साधनाने पूर्ण डिस्कची प्रत काढायची. ते सहज वाचता येणारा भाग आधी उचलतं, अडलेल्या जागी नंतर परत येतं. पुढचं सगळं काम त्या प्रतीवर करायचं. हे मला पाचव्या रीस्टार्टच्या आधी एका सीनियरने सांगितलं म्हणून निदान काहीतरी वाचलं.

इनोडीबी आपला डेटा सोळा केबीच्या पानांत ठेवतं आणि प्रत्येक पानावर चेकसम असतो. बेरीज जुळली नाही तर ते पान खरं धरत नाही, बऱ्याचदा सर्व्हर उभाच राहत नाही. त्या रात्री मला याचा फार राग आला होता. आता वाटतं, प्रामाणिक आहे बिचारं. अशा वेळेसाठी 'इनोडीबी फोर्स रिकव्हरी' नावाचं सेटिंग असतं, एक ते सहा पातळ्यांचं. एकेक पायरी चढायची, कारण चारपासून पुढे फाइल कायमची बिघडू शकते. आमचं नशीब बरं, पहिल्याच पायरीला सर्व्हर उठला आणि खराब पानं ओलांडून बाकीचं देऊ लागला. मिळालं ते सगळं डम्प करून घेतलं. गेली दोनच पानं. पण त्या दोन पानांत पाचशेच्या आसपास खाडे होते, आणि तेही नेमके दिवाळीचे!

इथपर्यंतचं काम कुठल्याही मॅन्युअलमध्ये मिळेल. माझं म्हणणं याच्या पुढचं आहे.

कमिटीतली एक मैत्रीण म्हणाली, "प्रत्येकीला सहा-सहा खाडे धर ना, सरासरी तेवढीच येते." हिशेब एका रात्रीत मिटला असता, दिसायलाही छान दिसला असता. कबूल करते, मी टाइप करायला बसलेही होते. पण मग आठवलं, पहिल्या वर्षाची एक मुलगी भाडं परवडत नाही म्हणून दिवाळीत घरी गेलीच नव्हती, आणि दुसरी एक चौदा दिवस गावी होती. सरासरीने एकूण आकडा बरोबर आला असता आणि जवळजवळ प्रत्येकीचा चुकला असता. फुटलेला डेटाबेस निदान फुटलेला दिसतो. असा सारवलेला डेटाबेस कोण ओळखणार?

मग वॉचमन काकांचं गेट रजिस्टर आणलं. मुलींच्या मोबाइलमधले अकोल्याच्या, यवतमाळच्या एसटी तिकिटांचे फोटो मागितले. आणि मेसच्या मावशी! "तुह्या कम्पुटरले काय इचारतं? मले इचार," म्हणाल्या. रजिस्टरमध्ये एक मुलगी दर्यापूरला गेलेली दिसत होती. मावशी म्हणाल्या, "गेलीच नाई थे. स्टँडवरून परत आली तापानं. दोन रोज म्या तिले खिचडी नेऊन देल्ली." त्या मुलीनेही मान्य केलं, पैसे जाणार हे माहीत असून. म्हणजे लेखी पुरावा खोटा, आठवण खरी? तसंही नाही. दुसऱ्या एकीबद्दल मावशी सोमवार म्हणत होत्या आणि तिचं तिकीट होतं मंगळवारचं.

हे सगळं फोनवर सांगताना बाबा म्हणाले, "अगं, मग ऋद्धपूरला जाऊन ये." आमच्या कॉन्व्हेंटमध्ये लीळाचरित्र म्हणजे रिकाम्या जागा भरा, एक मार्क. ते आपल्याच जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यातल्या ऋद्धपूरला झालं हे मला तेव्हा कळलं. म्हाइंभटांनी १२७८ च्या सुमारास चक्रधरस्वामींच्या आठवणी, ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांना विचारून विचारून गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्या. परंपरा सांगते की पुढे चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला दिल्लीच्या फौजांच्या धामधुमीत मूळ पोथी गेली. मग ज्यांना पाठ होती त्यांच्याकडून ती पुन्हा उभी केली. त्यांत हिराइसा नावाच्या एका बाईंचं पाठांतर विशेष नावाजलेलं. पोथीत खाडे नव्हते एवढाच काय तो फरक!

पण मला थांबवलं ते वेगळ्याच गोष्टीने. आठवणी जुळल्या नाहीत तिथं त्यांनी सगळ्यांची सरासरी काढली नाही. काही ठिकाणी अमक्याचं म्हणणं असं, हिराइसेचं असं, असे पाठभेद नावानिशी ठेवलेले दिसतात. आजही लीळाचरित्राच्या पोथ्या एकसारख्या नाहीत, आणि अभ्यासक त्याला दोष न मानता त्यावरच काम करतात. आपण इंजिनीयर मात्र रिकव्हरी म्हणजे 'काही झालंच नव्हतं' असं दाखवणं समजतो. २०१७ च्या ३१ जानेवारीला गिटलॅबच्या इंजिनीयरने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा उडवला, बॅकअपच्या पाच पद्धतींतली एकही धड कामाला आली नाही, योगायोगाने काढलेली सहा तासांपूर्वीची प्रत तेवढी सापडली. त्यांनी सहा तासांचा डेटा गेला हे उघड लिहून टाकलं. कंपनी बुडाली नाही.

तर मी टेबलला एक कॉलम वाढवला, 'कुठून'. डिस्क, रजिस्टर, तिकीट, मावशी, स्वतः सांगितलं. दोन म्हणणी असतील तर दोन ओळी. यादी मेसच्या दाराला लावली. तीन दिवस भांडणं झाली, पण यावेळी भांडताना मुली पुरावा घेऊन येत होत्या. शेवटी ३१ खाड्यांचा काहीच पत्ता लागला नाही. तिथं मी शून्य नाही, 'माहीत नाही' लिहिलं.

त्यांचे पैसे कोणी सोसायचे यावर कमिटीची मीटिंग दोन तास चालली. ठेकेदार म्हणाला चिठ्ठी दाखवा. मी म्हटलं, बॅकअप माझ्याकडे होता, म्हणजे नव्हता, तर सगळे मीच देते. निम्मे माझ्या डिपॉझिटमधून कापायचे ठरलं. या महिन्यात कॅन्टीनमध्ये मी दिसत नाही, त्याचं कारण एवढंच.